बंदुकीच्या काळ्या दारूचे रिव्हॉल्व्हर: पितळी चौकटीचे घ्यावे काय?

प्रश्न:
टोपीचे रिव्हॉल्व्हर, म्हणजे घोड्याच्या आघाताने फुटणारी छोटी धातूची टोपी ज्यात दारू पेटवते ते, प्रथमच घेत आहे. १८५१ च्या कोल्ट नेव्हीची इटलीत बनलेली, पितळी चौकटीची, ०.४४ कॅलिबरची वापरलेली प्रतिकृती स्वस्तात मिळत आहे. ती घ्यावी काय, आणि घेण्यापूर्वी काय पाहावे?

उत्तर १:
मूळ नेव्ही ०.३६ कॅलिबरची होती, त्यामुळे ही प्रतिकृती इतिहासाला धरून नाही. परंतु खरी अडचण पितळेची आहे. कोल्टच्या घडणीत सिलिंडरवर, म्हणजे दारू-गोळीचे कप्पे असलेल्या फिरत्या नळकांड्यावर, चौकटीची पट्टी नसते, नळी सिलिंडरच्या कण्याला केवळ एका पाचरीने धरलेली असते, आणि भरपूर दारू घालून वारंवार बार काढले की हा कणा मऊ पितळात सैल होतो. सिलिंडर काढून त्यामागची पितळी भिंत उजेडात धरा. तेथे सिलिंडरच्या मागील दात्यांचा गोल ठसा खोल उमटला असेल तर पैसे खिशातच राहू द्या. पितळी चौकटीत मी स्वतः २० ग्रेन दारूच्या, म्हणजे सुमारे १.३ ग्रॅमच्या, पुढे जात नाही.

प्रश्नकर्ता:
भिंत पाहिली. ठसा नखाला लागतो, म्हणून तो व्यवहार सोडला. आता पोलादी रेमिंग्टन न्यू मॉडेल आर्मीचा विचार आहे.

उत्तर २:
योग्य निवड. तिच्या चौकटीला वरून पट्टी असते. शिवाय फुटलेल्या टोपीचे तुकडे आत पडून यंत्रणा अडण्याचा कोल्टचा त्रास तिच्यात पुष्कळ कमी होतो. गोळी ०.४५१ किंवा ०.४५४ इंचांची घ्या, म्हणजे ठासताना कप्प्याच्या तोंडाशी शिशाची बारीक कडी कातरून निघेल. कडी अखंड निघाली तर कप्पा बंद झाला असे समजावे. अन्यथा एका बारासोबत शेजारचे कप्पेही पेटू शकतात. सैल बसलेल्या टोप्यांमुळेही तेच घडू शकते. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे, मध्ये पोकळी नको. दारू कमी घातल्यास वर रवा भरणारे पुष्कळ आहेत. धूरविरहित दारू मात्र कधीही घालू नये, कारण तिच्या दाबाने सिलिंडर फुटू शकते.

उत्तर ३:
स्वच्छता त्याच दिवशी करावी. एकदा थकून मी रिव्हॉल्व्हर तसेच ठेवले आणि सकाळी कप्प्यांच्या कडांवर तांबूस गंज दिसला, कारण जळालेल्या दारूची राख हवेतील ओलावा ओढून घेते. ती पाण्यात विरघळते, म्हणून साबणाचे गरम पाणीच पुरेसे असते. निपल, म्हणजे टोप्या बसवण्याच्या बारीक नळ्या, काढून धुवावेत आणि त्यांच्या आट्यांना ग्रीस लावून परत बसवावेत. सिलिंडरच्या कण्याला मेण आणि चरबीचे मिश्रण लावावे. खनिज तेल राखेत मिसळून डांबरासारखे चिकट होते. ठेवताना लावलेले तेल पुढच्या वेळी पुसून, दारू भरण्यापूर्वी प्रत्येक रिकाम्या कप्प्यावर एक टोपी उडवावी, म्हणजे निपलमध्ये राहिलेले तेल जळून जाते.