विषय: दिवाळी फराळाला जॅझचा अर्धा तास

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,
फराळाच्या दुपारी गायनानंतर अर्धा तास मोकळा आहे. आपल्या एका सभासदाची मुलगी टेनर सॅक्सोफोन वाजवते. तिच्या पाच जणांच्या जॅझ बँडला तो वेळ द्यावा, असं समितीत निघालं. रविवारपर्यंत मत कळवा.

---

प्रेषक: ज्येष्ठ सभासद, हॅरो

सचिवताई,
मुलीचं कौतुक आहेच. पण आपल्या पोरांच्या कानावर नाट्यगीत, भावगीत पडायचे दिवस वर्षातून दोन-तीन. जॅझ त्यांना लंडनमध्ये केव्हाही ऐकायला मिळतो. तो अर्धा तासही गाण्यालाच द्यावा असं मला मनापासून वाटतं.

---

प्रेषक: सभासद, लुइशम

काका, नमस्कार.
गाणं कमी करू नये, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. तरी या मुलांसाठी आग्रह धरतो, कारण गेल्या महिन्यात मी त्यांना आमच्या लायब्ररीच्या हॉलमध्ये ऐकलं.

तबला शिकलेला माणूस, त्यामुळे बोटांवर मोजतच बसलो. ब्लूज चालला होता: बारा बार, दर बारला चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. आपली मुलगी तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात हरवली. चेहरा पडला तिचा. बेसवाल्या मुलाने तिच्याकडे बघत पुढच्या आवर्तनाचा पहिला स्वर ठासून दिला आणि ती नेमकी तिथे उतरली. पहिल्या रांगेत बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या एक आजी मोठ्याने "येस!" म्हणाल्या. समेवर आपल्या तोंडून "वा" निघते ना, अगदी तसं. त्यानंतर ती पोर जे वाजवायला लागली, ते घरी मेट्रोनोम लावून कितीही घोकलं तरी आलं नसतं. समोर माणसं बसलेली लागतात.

या शहरात हे ओळखून 'टुमॉरोज वॉरियर्स' ही जॅझ शिकवणारी संस्था उभी राहिली. बेसवादक गॅरी क्रॉस्बी आणि जनीन आयरन्स यांनी ती १९९१ मध्ये सुरू केली, कॅम्डनच्या जॅझ कॅफेतल्या जॅम सेशनांतून, म्हणजे जमेल त्याने येऊन एकत्र वाजवायच्या बैठकांतून. मुलांकडून फी घेत नाहीत, आणि शिकवता शिकवताच लोकांपुढे उभं करतात. एझ्रा कलेक्टिव्ह या जॅझ बँडची मुलं तिथेच एकमेकांना भेटली. २०२३ मध्ये त्यांना मर्क्युरी पुरस्कार, म्हणजे इथला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार, मिळाला; तोवर तो कुठल्याही जॅझ बँडला मिळाला नव्हता.

आणि काका, हे संगीत आपल्याला परकं नाही. मुंबईचे तबलजी केशव साठे १९५० च्या दशकात लंडनला आले. कलकत्त्याचे जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्या १९६६ च्या 'इंडो-जॅझ सूट'मध्ये तबला त्यांचा आहे. सॅक्सोफोनच्या मागे तो ठेका ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो. आपल्या मुलांना हे नाव ठाऊक नाही, याची मला खंत वाटते. गोव्याकडच्या घरातले, मुंबईत जन्मलेले गिटारवादक अमांसिओ डिसिल्व्हाही १९६९ मध्ये हॅरियटबरोबर वाजवत होते.

मुलांनी बोलावलं तर शेवटच्या तुकड्याला मी तबला घेऊन बसेन. रियाझ तुटलाय, पण महिना आहे हातात.

---

प्रेषक: ज्येष्ठ सभासद, हॅरो

साठ्यांबद्दल मी कधी ऐकलं नव्हतं. काल रात्री ती ध्वनिमुद्रिका शोधून ऐकली, दोनदा.

सचिवताई, माझी हरकत नाही. फक्त दोन गोष्टी पाहा. मुलं वाजवत असताना फराळाच्या प्लेट्स वाटू नका, चहाही नंतर. आणि खुर्च्या भिंतीपासून पुढे ओढून घ्या, स्टेजच्या अगदी जवळ. मी अर्धा तास आधी येऊन लावतो.