मदत हवी आहे : डाळ मिल, भुईकाटा आणि गोदाम यांचं नेटवर्क कसं करावं?

नमस्कार मंडळी,

वाशिम जिल्ह्यात, मंगरुळपीर तालुक्यातल्या एका गावात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. यंदा तूर यायच्या आधी डाळ मिल आणि स्वतःचा भुईकाटा सुरू करून राहिलो. हिशेब मी पाहते, म्हणून कॉम्प्युटरचं कामही माझ्याकडेच आलं. प्लास्टर व्हायच्या आधी वायरिंगचं नक्की करायचं आहे, नंतर भिंती फोडायला कोणी तयार होणार नाही.

रस्त्याला लागून ऑफिस, त्याला खेटून काट्याची केबिन. गोदाम आणि मिल मागे, १३० मीटरवर, आणि मधून ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वाट. ऑफिसात दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर, काट्यावर एक कॉम्प्युटर, गोदामात एक, सोबत कट्ट्यांच्या लेबलांचा प्रिंटर. कॅमेरे चार. फायबरचं इंटरनेट गावात आलं आहे, पण वादळवारा झाला की दोन-दोन दिवस बंद राहतं. मिलची मोटर सुरू झाली की लाइट दबते. गोदामावर टिनपत्रे आहेत आणि आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे.

माझा सगळा जीव एका गोष्टीत अडकला आहे : वजन. आजवर आमचे लोक जिथे माल नेतात तिथे काट्यावरचा आकडा आधी कागदावर, मग वहीत, मग बिलात उतरतो. ३४८० चे ३४३० झाले तर कळत नाही. २०२५-२६ चा तुरीचा हमीभाव ८००० रुपये क्विंटल, म्हणजे ५० किलोमागे ४००० रुपये गेले. शेतकऱ्याने वर्षभर राबून आणलेला माल आहे तो. आमच्या काट्यावर आकडा कोणाच्याही हातातून न जाता थेट काटापट्टीवर आणि चुकाऱ्याच्या हिशेबात आला पाहिजे, इंटरनेट असो-नसो.

तालुक्याच्या एका दुकानदाराने कोटेशन दिलं आहे : सर्व्हर (सगळ्यांचा डेटा ठेवणारा वेगळा कॉम्प्युटर), फायरवॉल (बाहेरच्या नेटवरून येणारा धोका अडवणारं यंत्र), मोठा रॅक, २४ पोर्टचा स्विच (म्हणजे कॉम्प्युटर वायरींनी एकमेकांना जोडणारा डबा), आणि गोदामापर्यंत खांबांवरून तांब्याची कॅट-६ केबल, मध्ये खांबावरच्या डब्यात एक स्विच. एवढं सगळं खरंच लागतं का? आणि खांबावरची वायर विजांच्या दिवसांत टिकेल का?

प्रतिसाद १

ताई, पहिले एक डोक्यात पक्कं करा : इंटरनेट वेगळं आणि तुमच्या आवारातलं नेटवर्क वेगळं. बाहेरचं नेट बंद पडलं तरी काटा, ऑफिस, गोदाम आणि प्रिंटर एकमेकांशी बोलत राहतात, फक्त त्यांच्या स्विचला लाइट पाहिजे. हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि डेटा ऑफिसातल्याच कॉम्प्युटरवर ठेवा, म्हणजे खरेदी थांबणार नाही.

खांबावरून तांब्याची वायर अजिबात नको. एक तर तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर, म्हणून तर मध्ये तो स्विच घातला आहे. उन्हापावसात सगळ्यात आधी तोच मरेल. दुसरं, दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं. जवळपास वीज पडली तर झटका त्या वायरीतून दोन्हीकडे जातो आणि स्विच, कॉम्प्युटर, कॅमेरे एका रात्रीत जळतात. यवतमाळकडच्या एका जिनिंगमध्ये हे झालेलं मी पाहिलं आहे.

तिथे ऑप्टिकल फायबर टाका. सिंगल मोड (लांब अंतराची जात), चार कोरची म्हणजे आत काचेचे चार धागे असलेली, आत लोखंडी पत्रा किंवा तार नसलेली, जमिनीखाली एचडीपीई (जाड प्लास्टिकच्या) पाइपातून. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर साध्या नेटवर्क केबलला जोडणारा डबा, लावला की झालं. दोन कोर वापरात, दोन राखीव. जोडणीचं मशीन तुमच्या गावात फायबर टाकणाऱ्या पोरांकडे असतं, त्यांनाच बोलवा. टॉवर-टू-टॉवर वायरलेसही चालतं, पण अँटेना पुरेसे उंच नसतील तर मध्ये उंच ट्रक उभा राहिला की लिंक तुटते, आणि सीझनमध्ये तुमच्या आवारात ट्रक उभे राहणारच.

सर्व्हर आणि फायरवॉल तूर्त काढून टाका. चार कॉम्प्युटरला चांगला राउटर आणि दोन स्विच पुरतात. हिशेबासाठी टॅली सॉफ्टवेअर घेत असाल तर एवढं पाहा : त्याचं सिल्व्हर लायसन्स एका वेळी एकाच जागी चालतं, दोन जणांना एकदम काम करायचं तर गोल्ड लागतं. वाचलेले पैसे अर्थिंगवर आणि यूपीएसवर घाला. राउटर आणि इंटरनेटवाल्याचा फायबरचा डबा बहुतेक १२ व्होल्टवर चालतात, कन्व्हर्टर बरेचदा ५ व्होल्टवर; त्यांना छोटा डीसी यूपीएस मिळतो. व्होल्टचा आकडा आधी ॲडॉप्टरवर वाचून घ्या.

गोदामातला स्विच बिनपंख्याचा घ्या, बंद पेटीत आणि पत्र्यापासून खाली, सावलीच्या भिंतीवर लावा. साधे स्विच ४० अंशांपर्यंतचेच असतात. आतली केबल पाइपातूनच न्या, धान्य आहे तिथे उंदीर आलाच. आणि केबल विकत घेताना तार ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ते तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम आहे. कॅमेऱ्यांना त्याच केबलमधून वीज द्यायची असेल तर असली केबल गरम होते, परत करा.

कॅमेऱ्यांचं गणित सोपं आहे. दर कॅमेरा साधारण २ एमबीपीएस धरला तर चारांचे ८, आणि २ टीबीच्या डिस्कवर तीन आठवड्यांचं रेकॉर्डिंग राहतं.

प्रतिसाद २

काट्यापुरतं सांगतो. इंडिकेटरच्या, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डब्याच्या, मागे सीरियल पोर्ट (डेटाची वायर लावायची जागा) असतो, त्यातून वजन थेट कॉम्प्युटरला येतं. ती वायर १५ मीटरच्या आत ठेवा, म्हणजे कॉम्प्युटर केबिनमध्येच पाहिजे, ऑफिसात नको. काटा कंपनीकडून बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) आणि डेटाचा फॉरमॅट लिहून घ्या, नाहीतर सॉफ्टवेअरवाला आणि काटेवाला एकमेकांकडे बोट दाखवतात. सील असलेला भाग कोणालाही उघडू देऊ नका, तो वैध मापन खात्याचा विषय आहे.

सॉफ्टवेअरवाल्याला बजावून सांगा की वजनाच्या रकान्यात हाताने आकडा टाकता येता कामा नये. भरलेली आणि रिकामी ट्रॉली, दोन्ही वजनं वेळेसह पट्टीवर छापा. आणि एक मोठा डिस्प्ले बाहेर, ट्रॅक्टरवर बसल्या जागी दिसेल असा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बाहेरचा डिस्प्ले तर घ्यायचाच, संचालकांना आजच सांगते. कोटेशनमधून सर्व्हर, फायरवॉल आणि खांब काढायला लावले, फायबर जमिनीखालूनच नेणार.

आता एकच अडलं आहे. पाइप ट्रॉल्यांच्या वाटेखालून जाईल आणि आमची जमीन काळी, उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते. तेवढ्या भागात एचडीपीईवर जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप चढवावा का, आणि खोली किती ठेवावी? जेसीबी गुरुवारी येणार आहे, त्याआधी कोणी सांगितलं तर बरं होईल.