आजी आणि तिच्या मैत्रिणी : तुमच्या आठवणी लिहा

आजीला जाऊन आठ महिने झाले. ती आमची होती, सगळीच्या सगळी आमची, असंच मी धरून चालले होते. शाळेतून आल्यावर दार उघडणारी, तापात रात्रभर कपाळावर हात ठेवून बसणारी. दर गुरुवारी दुपारी चार वाजता मात्र ती घरात असून नसायची. शाळेतल्या मैत्रिणीचा फोन यायचा, आणि तेवढा अर्धा तास कोणी तिला हाक मारायची नाही. तिने आम्हाला घातलेला हा एकच नियम.

ती गेल्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी चार वाजता फोन वाजला. सगळे तिथेच होतो, पण कोणी उठेना. शेवटी मी घेतला. "सवयीने लावला गं. लगेच ठेवू नकोस." बराच वेळ दोघीही गप्प होतो. मग त्यांनी आजीचं शाळेतलं टोपणनाव घेतलं, मी ते पहिल्यांदाच ऐकत होते, आणि म्हणाल्या, "वर्गात उत्तर द्यायला उभी राहिली की अडखळायची, माहीत आहे ना तुला?" मला कुठलं माहीत! घरातली सगळी भांडणं दोन वाक्यांत मिटवणारी आमची आजी चौदाव्या वर्षी बोलायला घाबरायची. शेजारी बसलेली ही मुलगी हळूच पहिला शब्द पुरवायची, आणि मग आजी पुढचं घडाघडा म्हणायची.

आता गुरुवारचा फोन मी घेते. आम्हा घरच्यांना आठवते ती सगळी लग्नानंतरची आजी. त्याआधीची आजी तिच्या मैत्रिणींकडे आहे. तुमच्या घरीही असं काही असेल तर लिहा, चार ओळी असल्या तरी चालतील.

* * *

माझ्या आजीची फोन नंबरांची वही माझ्याकडे आहे. वारलेल्या मैत्रिणींची नावं तिने कधी खोडली नाहीत, नुसता बाजूला एक बारीक ठिपका. मी विचारलं तर म्हणाली, "खोडायला त्यांचं काय चुकलंय?" शेवटच्या पानांवर ठिपकेच ठिपके आहेत.

* * *

आजीला अल्झायमर होता. आधी ती माझं नाव विसरली, मग मीच तिला कोणी परकी वाटायला लागले. तिची बालमैत्रीण आली की मात्र चेहरा उजळायचा. दोघी लहानपणची एक कविता शेवटपर्यंत म्हणायच्या, एक ओळ हिची, एक तिची. खरं सांगते, मला फार लागायचं ते. डॉक्टरांनी समजावलं, की नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग या आजारात आधी बिघडतो, म्हणून अलीकडचं पहिल्यांदा जातं आणि जुनं पुष्कळ दिवस तग धरतं. साधारण दहा ते तीस वर्षांच्या वयातल्या आठवणी तर निरोगी म्हाताऱ्या माणसांनाही विशेष जास्त येतात. मी तिच्या आयुष्यात आले तेव्हा ती साठीची होती.

त्या आजी दर वेळी माझी ओळख करून द्यायच्या. "अगं, ही तुझी नात." आजी मला नीट निरखायची आणि म्हणायची, "हो? गोड आहे गं." इतक्या वेळा मी तिला नव्याने आवडले.

* * *

थोडं वेगळं लिहितो. आजीच्या मैत्रिणींचा माझ्या आईला त्रास व्हायचा. कोणाची सून आजारी, कोणाच्या मुलाची फी अडलेली, आजी निघालीच. "घरच्यांपेक्षा बाहेरच्यांचं जास्त," हे आईचं वाक्य आम्हाला ऐकून ऐकून पाठ झालंय, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. आजी शेवटी अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होती. चौथ्या दिवशी आई थकून खुर्चीतच झोपली. जाग आली तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या चार बायका एका कागदावर पाळ्या लावत होत्या, कोणी किती ते किती बसायचं. आईचं नाव त्यांनी त्यात घातलंच नव्हतं. "तू घरी जा बाळ, झोप." तो कागद आईने अजून कपाटात ठेवलाय.

* * *

मी जीवशास्त्र शिकवते. मुलीचा गर्भ पाच महिन्यांचा होतो तेव्हा तिच्या बीजांडकोशांत साठ-सत्तर लाख स्त्रीबीजं तयार असतात. म्हणजे आई आजीच्या पोटात होती तेव्हाच, जिच्यातून मी झाले ती पेशी तिथे होती. हे आजीच्या मैत्रिणीला सांगितलं. त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, "त्या महिन्यांत मी तिला पाण्याची बादली उचलू दिली नव्हती. म्हणजे तुलाही जपलं की मी." वर्गात इतकी वर्षं मी हे शिकवतेय, पण आता त्या धड्याला आले की घसा दाटतो.

* * *

आजी गेल्याचं आम्ही सगळ्यांना कळवलं, एक मैत्रीण राहिली. त्यांच्याकडे फोन नव्हता, दोघींचा सगळा व्यवहार पत्रांचा. महिन्याभराने आजीच्या नावाने पत्र आलं. 'उत्तर नाही, रागावलीस का?' एवढं वाचून मी ते मिटलं. उत्तर लिहायला मला नऊ दिवस लागले. कळवायचं राहिलं याची माफीही मागितली.

पुढे एक जाड पुडकं आलं. आजीने त्यांना लिहिलेली पत्रं, वर्षावर्षाची वेगळी बांधलेली. माझ्या जन्माचं पत्रही त्यात आहे, घाईघाईत लिहिलेलं, शाई फरफटलेली. सोबत चिठ्ठी होती. 'हिचं अक्षर तुमच्या घरात असू दे. शेवटचं पत्र मात्र मी ठेवून घेतलंय. ते देणार नाही.'