ब्राउझर चालतो, पण सॉफ्टवेअर रजिस्टर होत नाही

प्रश्न: दादरच्या ऑफिसात विंडोज ७ चा पीसी आहे. क्रोम नीट चालतं, पण अकाउंटिंग सॉफ्टवेअर रजिस्टर करताना 'इंटरनेट कनेक्शन नाही' असं येतं. काय तपासू?

उत्तर १: नेट ठीक आहे, अडचण टीएलएसची (सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करायच्या पद्धतीची) वाटते. क्रोम स्वतःचं टीएलएस वापरतं, सॉफ्टवेअर बहुधा विंडोजचं. सर्व्हरला बहुधा टीएलएसची १.२ ही आवृत्ती लागते, आणि विंडोज ७ मध्ये ती मुळात बंद असते. कंट्रोल पॅनल, इंटरनेट ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड. अगदी खाली 'यूज टीएलएस १.२' वर टिक करा. तरीही अडलं तर मायक्रोसॉफ्टचं केबी३१४०२४५ हे विंडोज अपडेट टाका.

उत्तर २: त्याआधी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करून बघा, दोन मिनिटांचं काम. झालं, तर ऑफिसचा फायरवॉल किंवा प्रॉक्सी अडवतोय. अँटिव्हायरस कायमचा बंद ठेवू नका, फक्त त्या प्रोग्रामला परवानगी द्या.

प्रश्नकर्ता: हॉटस्पॉटवरही तीच एरर. टिक केल्यावर रजिस्टर झालं. मनापासून आभार!