मदत हवी आहे: दवाखाना संगणकावर आणलाय, पण टाइप कोण करणार?

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावी माझी जनरल प्रॅक्टिस आहे. नुसती ओपीडी, बेड नाहीत. मदतीला एक सिस्टर आणि वडिलांच्या काळापासूनचे कंपाउंडर काका. सॉफ्टवेअर घेतलं, प्रिंटर घेतला, इन्व्हर्टर होताच. तरी गाडी अडलीय.

हाताने लिहिताना एक डोळा पेशंटवर असायचा. "ताप ३ दिवस, घसा लाल, छाती साफ", झालं काम. सॉफ्टवेअरला हेच सांगायला चार ठिकाणी क्लिक करा, मग यादीतून निवडा. परवा एक आजी म्हणाल्या, "डाक्टर, जरा हिकडं बगा की, दुखतंय मला हितं!" बाजाराच्या दिवशी तर मी सरळ पॅडवर लिहितो नि संगणक बंद ठेवतो. म्हणजे निम्मी नोंद इकडे, निम्मी तिकडे. हे सगळ्यात वाईट.

दुसरा घोळ जुना पेशंट शोधण्याचा. आमचे केसपेपर घरवार पाकिटात आहेत. "वरच्या आळीचे जाधव" म्हटलं की काका पाकीट हजर करतात. संगणकावर जाधव टाकलं तर यादी संपत नाही. मोबाइल नंबर टाकावा तर एकाच नंबरवर सासू, सून आणि नातवंडं. वय दर वेळी नवं!

यावर आभा क्रमांक, म्हणजे सरकारी आरोग्य-ओळख क्रमांक, हा कागदावर चोख इलाज आहे. १४ अंक, माणूस एक, क्रमांक एक. पण आधारवरून तो काढायचा तर ओटीपी जातो आधारला जोडलेल्या मोबाइलवर, आणि तो असतो पुण्यात मुलाच्या खिशात. शिवाय बऱ्याच जणांना हेच पाच लाखांच्या उपचारांचं कार्ड वाटतं. ते वेगळं, हे वेगळं, एवढं समजावेपर्यंत एक पेशंट तपासून होतो. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात क्यूआर स्कॅन करून केसपेपर काढता येतो, तिथे खिडकीवरची रांग कमी होते हे खरंय. माझ्याकडे खिडकीच नाही.

टाइपिंगला मुलगा ठेवा, असं मित्र सुचवतात. गाव लहान आहे हो. दारू, पाळी, गुप्तरोग, हे तिसऱ्या माणसासमोर कोण बोलेल? टीबीचा पेशंट निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंदवणं खाजगी डॉक्टरलाही बंधनकारक आहे, ते मी म्हणूनच रात्री स्वतः करतो.

तर ज्यांची ओपीडी भरलेली असते आणि तरीही नोंदी संगणकावर आहेत, त्यांनी सांगा: तपासताना टाइप करता की नंतर? पेन टॅबलेटवर हाताने लिहून कुणाचं जमलंय का? मराठीत बोलून टाइप होणारं काही चालतं का, की औषधांची नावं भलतीच उमटतात? जुने केसपेपर सगळे स्कॅन केले, की फक्त बीपी-शुगरवाल्यांचे? माझा कल दुसऱ्याकडे आहे.

आणि एक, व्हॉट्सअॅपवर येणारे रिपोर्ट. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमावलीनुसार असा सल्ला चालतो, पण त्याची नोंद आपणच जपायची. रात्री अकराला आलेला ईसीजीचा तिरका फोटो तुम्ही पेशंटच्या फाइलला कसा जोडता? माझ्या फोनमध्ये तो लग्नाच्या फोटोंत हरवतो.

सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नये. वापरणाऱ्यांनी जरूर करावा.