इंग्रजी शब्द वाचताना कळतात, लिहिताना सुचत नाहीत. मदत हवी आहे

खाडीकाठ (गुहागर): डिसेंबरात आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा आहे. ए-टू-झेड यादीतून रोज ३० शब्द पाठ करतो. वाचताना अर्थ लागतो, पण निबंधात हात पुन्हा 'व्हेरी इम्पॉर्टंट'वरच जातो. 'ॲडव्हर्स' आणि 'ॲव्हर्स'मध्ये तर कायमचा घोळ. पावसात इथे नेटचा भरवसा नाही, क्लासही जवळ नाही. काय बदलू?

सुरूबन: आधी ती यादी बंद करा. सारखे दिसणारे शब्द लागोपाठ पाठ केले की एकमेकांत मिसळतात. 'ॲडव्हर्स' आज, 'ॲव्हर्स' महिन्याने, आणि दोन्ही जोडीदारासकट: 'ॲडव्हर्स वेदर', 'ॲव्हर्स टू रिस्क'.

यादीच हवी तर भाषासंशोधक ॲव्हरिल कॉक्सहेड यांची ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट (२०००) घ्या. ५७० शब्दकुटुंबं (मूळ शब्द आणि त्याची रूपं), जास्त वापरातली आधी. दहा भाग आहेत: नऊ भागांत ६०-६०, शेवटच्यात ३०. रोज ८ घेतलीत तर महिन्यात चार भाग होतात. ३० नकोच. अँकी या शब्दकार्डांच्या ॲपमध्ये रोजची उजळणी नव्या कार्डांच्या साधारण सात-दहापट साचते. दोन-तीनशे कार्डं समोर आली की माणूस ॲप उघडायचंच सोडतो. अँकीला नेट फक्त सिंकपुरतं लागतं.

आणि कार्ड उलटं करा. पुढे इंग्रजी, मागे मराठी असेल तर नुसती ओळख वाढते. पुढे लिहा: 'सुरूची झाडं लावून वादळाचा परिणाम सौम्य करणे, मि…'. मागे: 'मिटिगेट द इम्पॅक्ट'. त्याला 'अगेन्स्ट' जोडू नका, ते 'मिलिटेट'चं.

रापण: मराठीतला प्रत्यय इंग्रजीत घुसतो, तिकडेही लक्ष द्या. 'च्यावर भर देणे' डोक्यात असतं म्हणून 'एम्फसाइझ ऑन', 'च्याविषयी चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट'. दोन्ही चूक. नाम वापरलंत तर मात्र 'ऑन' हवाच: 'प्लेस एम्फसिस ऑन'. तसंच पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग', खवळलेला समुद्र 'रफ'. लेखनात शब्दसंपत्तीला २५ टक्के वजन आहे, पण शब्द चपखल बसला तरच; 'स्ट्राँग रेन'ला परीक्षक भुलत नाही.

खाडीकाठ: आणि आधी पाठ केलेले हजारभर शब्द?

सुरूबन: दहा-दहा काढून तपासा. अर्ध्या मिनिटात वाक्य लिहिता आलं तर ठेवा. नाही आलं आणि कॉक्सहेडच्या यादीतही नसेल तर खोडा. 'पल्क्रिट्यूड'सारखे (अर्थ 'सौंदर्य') क्वचित वापरातले तर डोळे मिटून.