ओवा : पुरचुंडी, वाफ, तेल. नेमकं प्रमाण काय?

तिसरा_मजला
घरात ५ महिन्यांचं बाळ, सत्तरीच्या सासूबाई आणि एक मांजर. सर्दीसाठी पुरचुंडी नक्की कशी करतात? डिफ्यूझरमध्ये ओव्याचं तेल चालेल का? अमृतधारा घरी जमते का?

खलबत्ता
आधी ओवा तळहातावर चोळून बघा. झणझणीत वास आला नाही तर तो जुना आहे, पुढची खटपट फुकट. किरमाणी ओवा ही वेगळीच वनस्पती, ती पुडी परत करा.

२ मोठे चमचे ओवा खलात जेमतेम भरडा. तेल दाण्याच्या सालीतल्या बारीक नळ्यांत असतं, त्या फुटायला हव्यात. लोखंडी तव्यावर मंद आचेवर दीड-दोन मिनिटं, वास उठला की लगेच उतरवा. बहुतेकांचं इथेच चुकतं: दाणे तांबूस होईपर्यंत भाजतात. तोवर थायमॉल, म्हणजे ओव्याच्या तेलातला मुख्य घटक, ज्यासाठी सगळा खटाटोप तेच, स्वयंपाकघरात उडून गेलेलं असतं. जुन्या मऊ सुती कापडात दुहेरी गाठ मारून बांधा. नायलॉन-पॉलिस्टर नको, ते तव्यावर चिकटतं. तीच पुरचुंडी दोन-तीनदा गरम करता येते, मग ओवा बदला.

निर्गुडी
बाळासाठी पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला १० सेकंद धरा. चटका तर सोडाच, 'गरम आहे' असंही वाटायला नको. झबल्यावरून छाती-पाठीला टेकवून लगेच उचला. नाकाशी धरू नका, पाळण्यात ठेवू नका. गाठ सुटली तर दाणे घशात जातात. चोंदलेल्या नाकाला सलाईनचे थेंब जास्त उपयोगी. दूध पिणं कमी झालं किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडू लागला तर ओवा-बिवा बाजूला, थेट डॉक्टर.

आणि धुरी नकोच, कुणी कितीही आग्रह केला तरी. बंद खोलीतल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो.

पावशेर
अमृतधारा जमते. ओव्याचं फूल (थायमॉलचे खडे), पुदिन्याचं फूल (मेंथॉलचे खडे), भीमसेनी कापूर, प्रत्येकी ५ ग्रॅम. कोरड्या काचेच्या बाटलीत भरून हलवत राहा, थोड्याच वेळात पाण्यासारखं पातळ होतं. थायमॉल ५० अंशांना वितळतं, मेंथॉल ४२ च्या आसपास, कापूर तर १७५ ला; पण एकत्र आले की एकमेकांचा वितळणबिंदू खाली ओढतात. प्लॅस्टिकची बाटली मऊ पडते, ती नको. पूजेच्या कापराच्या वड्या अजिबात घालू नका.

मोठ्यांसाठी १ थेंब रुमालावर, बस. बाळाच्या जवळपासही नाही: मेंथॉलने तान्ह्याचा श्वास अडकू शकतो आणि कापूर पोटात गेला तर झटके येतात. बाटली कुलपात ठेवा.

तिसरा_मजला
मग सासूबाईंना वाफ? आणि तेलाचं राहिलं.

खलबत्ता
वाफेला तेल घेऊच नका, डोळे चुरचुरतात. १ लिटर पाण्यात १ चमचा भरडलेला ओवा, झाकण ठेवून ५ मिनिटं उकळा. झाकण काढून उकळलंत तर वास छताला आणि गरम पाणी तुम्हाला. भांडं मांडीवर न घेता टेबलावर, डोळे मिटून, ५ मिनिटं पुरे.

अंगाला लावायचं तर ३० मिली खोबरेल तेलात ओव्याच्या तेलाचे ६ थेंब, म्हणजे साधारण १ टक्का. निव्वळ तेलाने कातडी भाजल्यासारखी होते. आधी कोपराच्या आत लावून एक दिवस बघा.

निर्गुडी
डिफ्यूझर तुमच्या घरात नको. थायमॉल हे फिनॉल नावाच्या रसायनांच्या गटातलं आहे. मांजराच्या यकृताला फिनॉलचा निचरा नीट करता येत नाही, शिवाय अंगावर बसलेलं तेल ते चाटतं. त्यात बाळ. मशीन माळ्यावर टाका.

तिसरा_मजला
कुंडीतल्या ओव्याच्या जाड, लव असलेल्या पानांची पुरचुंडी होते का?

पावशेर
तो पानओवा, तुळशीच्या कुळातला. वास मिळताजुळता, पण पान रसरशीत. तव्यावर गरम केलं की पाणी सुटून कापड भिजतं. त्याची भजी करा.